खांब मोजायचे की खण?

आजचा विषय एका लहानशा शब्दाचा आहे. शब्द आहे 'खांबी'. तो एकटा फारसा येत नाही. चौखांबी, बाराखांबी, सोळखांबी असा संख्येच्या मागे लागून येतो. पंढरपूरला विठ्ठलाच्या गाभाऱ्याच्या अलीकडे चौखांबी आहे आणि तिच्या अलीकडे सोळखांबी. अंबाजोगाईला एका जुन्या देवळाला लोक बाराखांबीच म्हणतात. दरवर्षी तुकोबांची पालखी देहूहून निघते, आपल्या आकुर्डीला मुक्काम करते आणि पुढे जाते. तिच्यामागून चालणाऱ्यांत भोसरीच्या नि चाकणच्या कारखान्यांत काम करणारी पुष्कळ माणसे असतात. 'सोळखांबी' हा शब्द त्यांना शिकवावा लागत नाही.

तेव्हा हा शब्द मेलेला नाही. मग त्याच्यावर तासभर बोलण्याचे कारण काय? आमचे म्हणणे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढची वाट सोपी होईल. हा शब्द खांब मोजतो खरा, पण सांगतो ती खांबांच्या मधली जागा. आपल्या औद्योगिक पट्ट्याच्या आजच्या भाषेने खांब तेवढा धरून ठेवला आणि मधली जागा सोडून दिली. यात नुकसान कोशकाराचे नाही. ते ज्याला बसायला स्वतःचे अंगण नाही त्याचे आहे. हे कसे, ते आता पाहू.

प्रथम व्युत्पत्ती. पुष्कळांना वाटते 'खांब' हा 'स्तंभ' या शब्दाचा अपभ्रंश. तसे नाही. 'खांब' येतो 'स्कंभ' या संस्कृत शब्दापासून, प्राकृतातल्या 'खंभ'मार्गे. 'स्तंभ' घराण्याकडून आपल्याकडे आले ते 'थांबणे'. म्हणजे बघा, एका धातूने मराठीला आधार दिला आणि दुसऱ्याने थांबा दिला. आणि आजही आपण एखादी गोष्ट पाहून 'स्तंभित' होतो, म्हणजे जागच्या जागी थिजतो. 'खांबित' कोणी होत नाही.

हा स्कंभ साधासुधा नव्हे. अथर्ववेदाच्या दहाव्या कांडात सातवे सूक्त त्याच्यावर आहे. कवी तिथे पुन्हा पुन्हा विचारतो : ज्याच्यात पृथ्वी, अंतरिक्ष आणि आकाश ठेवलेले आहे तो स्कंभ नेमका कोणता, ते सांग. लगेच पुढच्या सूक्तात असे येते की स्कंभामुळे आकाश आणि पृथ्वी एकमेकांपासून दूर, आपापल्या जागी उभी आहेत. तत्त्वज्ञानाच्या वर्गात हे सूक्त आधाराच्या कल्पनेसाठी शिकवतात. आम्हीही तसेच शिकवत आलो. पण आजच्या विषयासाठी त्यातला दुसरा धागा घ्या. खांब वरचे वजन पेलतो हे अर्धे काम झाले. वरचे आणि खालचे एकमेकांवर पडू न देणे, त्यांच्यामध्ये जागा राखणे, हे उरलेले अर्धे. आणि माणसाच्या उपयोगी पडते ते हे दुसरे अर्धे. वजन छताचे असते, जागा आपली असते.

आता व्याकरण. 'सोळखांबी' हा बहुव्रीही वळणाचा शब्द. शाळेत शिकलेली व्याख्या आठवा : ज्या समासात दोन्ही पदे प्रधान नसून तिसऱ्याच गोष्टीचा बोध होतो तो बहुव्रीही. 'नीलकंठ' म्हटल्यावर आपण निळा रंगही पाहत नाही आणि गळाही पाहत नाही, शंकर पाहतो. तसेच 'सोळखांबी'. शब्दात सोळा आहेत, खांब आहेत. अर्थात मात्र सोळाही नाहीत आणि खांबही नाहीत. अर्थ आहे तो मंडप, जिथे रांग सरकते, जिथे कोणी गरुडखांबाला मिठी मारतो, कोणी घटकाभर टेकून बसतो. शब्दाने बोट खांबाकडे दाखवले, पण नजर न्यायची आहे मधल्या मोकळ्या जागेकडे.

या मधल्या जागेला मराठीत स्वतंत्र नाव आहे, आणि आमच्या मते ते आपल्या भाषेतल्या अत्यंत उपयोगी शब्दांपैकी एक आहे. ते म्हणजे 'खण'. दोन खांबांच्या किंवा दोन तुळयांच्या मधली जागा म्हणजे खण. कपाटाला खण असतो, टेबलाला खण असतो, ओटी भरताना नारळासोबत खण असतो. सगळीकडे कल्पना एकच : मापून वेगळा केलेला एक भाग. घराचे माप खणांत सांगायचे. तीन खणी घर, सात खणी घर. जुन्या खरेदीखतांत असे उल्लेख येतात, आणि पुण्यात 'दोन खणांचे बिऱ्हाड' हा शब्दप्रयोग जुन्या लोकांच्या तोंडी असतो. लाकडी खांब दगडी तळखड्यावर उभा करायचा, त्यावर तुळई टाकायची, आणि तुळई जेवढी लांब मिळेल तेवढा खण. म्हणजे झाडाची उंची ठरवायची की माणसाची खोली केवढी. वाड्याच्या चौकाच्या चारी बाजूंना सोपा असेल तर वाडा 'चौसोपी'. इथेही गंमत तीच. सोपा खांबांवर उभा असतो, पण नाव जागेला आहे.

हे फक्त आपल्याकडेच आहे असा अभिमान मात्र नको. रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियस याने इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात लिहिलेल्या ग्रंथात देवळांचे पाच प्रकार सांगितले. कशावरून? खांबांच्या उंचीवरून नव्हे, नक्षीवरूनही नव्हे. दोन खांबांमधल्या अंतरावरून. अंतर खांबाच्या दीडपट जाडीचे असेल तर एक नाव, दुपटीचे असेल तर दुसरे, तिपटीचे असेल तर तिसरे. त्याहून जास्त असेल तर चौथे, कारण तिथे दगडी तुळई टिकत नाही, लाकडी घालावी लागते. त्याला पसंत होते ते सव्वादोन पट अंतर. दाट खांबांच्या पहिल्या दोन प्रकारांवर त्याची टीका काय होती माहीत आहे? देवळाच्या पायऱ्या चढून आलेल्या बायकांना एकमेकींच्या हातात हात घालून आत जाता येत नाही, एकामागून एक जावे लागते. सांगा बरं, वास्तुशास्त्राच्या ग्रंथात याहून चांगली समीक्षा काय असू शकते? इमारत चुकली, कारण दोन मैत्रिणींना हात सोडावे लागले. त्याने खांबही मोजले आणि खणही मोजला, आणि निवाडा खणाच्या बाजूने दिला.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो घेतलाच पाहिजे. कोणी म्हणेल, 'सर, खांबाचा धर्म भार पेलण्याचा. बाकी सगळं काव्य.' त्यांना आम्ही जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने मावळात नेऊ, कार्ल्याला. तिथल्या चैत्यगृहात 37 खांब आहेत. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा, स्तूपाच्या मागे सात. हे खांब कोणी उभे केलेले नाहीत. डोंगर कोरताना ते शिल्लक ठेवले आहेत. बांधकामात खांब नसेल तर छत येणारच नाही. कोरीव लेण्यात छत आधीपासून असते. घारापुरीला कित्येक खांब मोडले होते, तरी वरचा खडक जागेवर राहिला. मग कार्ल्याच्या कारागिराने एवढी मेहनत करून ते खांब का राखले? कारण त्यांच्यामुळे मधला प्रशस्त भाग आणि कडेची प्रदक्षिणेची वाट वेगळी झाली. म्हणजे भार दुय्यम, जागेची आखणी मुख्य. आणखी एक गोष्ट. त्या खांबांवर दान देणाऱ्यांचे लेख आहेत. धेनुकाकट या गावचे लोक, त्यांतले काही स्वतःला यवन म्हणवणारे, असे वेगवेगळे दाते. खांब एकेकाच्या नावाचा, पण मधली जागा कोणाच्याच नावाची नाही. ही व्यवस्था ध्यानात ठेवा, शेवटी तिची गरज लागणार आहे.

आता टीकेकडे वळू. आपल्या भोवतालच्या भाषेत खांबाचे काय झाले आहे?

पहिले उदाहरण चौकाचौकात आहे. पिंपरीपासून चाकणपर्यंत कुठल्याही फ्लेक्सवर बघा, 'आधारस्तंभ' हा शब्द आणि त्याखाली सहा-सात चेहरे. आम्हाला राजकारणावर बोलायचे नाही, शब्दावर बोलायचे आहे. आधारस्तंभ म्हणताच खांबाचे वर्णन पूर्ण झाले, पण तो आधार कसला, त्याच्या छायेत कोणासाठी जागा झाली, हे वाक्यात कुठेच येत नाही. सोळखांबीत खांब नावापुरता आणि जागा अर्थाला, इथे उलटे. बहुव्रीहीचा आत्मा काढून घेतला की आधारस्तंभ उरतो. नव्या बंगल्यांच्या फाटकाशी लावलेले प्लास्टरचे रोमन खांब याच जातीचे. ते काही पेलत नाहीत, हा त्यांचा दोष नव्हे. कार्ल्याचेही फारसे पेलत नव्हते. ते कसली जागाही करत नाहीत, हा दोष.

दुसरे उदाहरण जुन्या देवळांच्या माहितीफलकांचे. दगडी खांबांचे देऊळ दिसले की 'हेमाडपंती' लिहून मोकळे व्हायचे. हेमाद्री तेराव्या शतकातला, यादवांच्या दरबारातला. अंबरनाथचे शिवमंदिर 1060 सालचे, म्हणजे त्याच्या दोनशे वर्षे आधीचे. तरी तेही 'हेमाडपंती'! लोकांनी दिलेले 'बाराखांबी' हे नाव यापेक्षा प्रामाणिक आहे. ते निदान आत जाऊन मोजल्याशिवाय देता येत नाही. आणि परिभाषाकारांनी घडवलेले 'बहुस्तंभी' आणि 'स्तंभाधारित' हे शब्द? चुकीचे नाहीत. पण 'बहु' म्हणजे किती, आणि त्या बहूंच्या मध्ये माणूस मावतो का, हे ते सांगत नाहीत.

तिसरे उदाहरण मंगल कार्यालयांच्या आणि गोदामांच्या जाहिरातींचे. तिथे स्तुती आहे ती खांब नसण्याची. 'पिलरलेस हॉल'. 'कॉलम-फ्री स्पेस'. गोदामाचे आम्ही समजू शकतो. चाकणला फोर्कलिफ्ट वळवायची तर मध्ये खांब नको, आणि पोलादी तुळयांनी आता ते शक्य केले आहे. पण लग्नाच्या हॉलचे? खांब नसलेल्या हॉलमध्ये सगळ्यांची तोंडे व्यासपीठाकडे. खांब असलेल्या मंडपात एका खणात कीर्तनाला बसलेले, दुसऱ्यात पोथी वाचणारा, तिसऱ्यात पोराला थोपटणारी आई. एका छताखाली चार वेगवेगळी कामे एकमेकांना न अडवता चालतात. आळंदीच्या वीणामंडपात किंवा कुठल्याही देवळाच्या ओवरीत घटकाभर बसून पाहा, म्हणजे आम्ही काय म्हणतो ते कळेल. टेकायला खांब लागतो, हो. पिलरलेस हॉलमध्ये खुर्ची भाड्याने मिळते, टेकायला मात्र काही मिळत नाही.

मात्र याच पट्ट्यात एका ठिकाणी जुना अर्थ जिवंत आहे, आणि तो आम्हाला कारखान्यात सापडला याचा आनंद वाटतो. कारखान्याच्या नकाशावर खांबांच्या रांगांना एका दिशेने अक्षरे आणि दुसऱ्या दिशेने आकडे देतात. प्रत्यक्ष खांबावरही ते रंगवलेले असतात. कामगार सहज सांगतो, 'बी-सातपाशी ये' किंवा 'तीन नंबरच्या बेमध्ये माल उतरव.' हा 'बे' म्हणजे काय? दोन खांबांमधली जागा. आपला खणच तो! आई-वडील खेड तालुक्यातल्या पाच खणी घरात राहिले, मुलगा आठ तास तीन नंबरच्या बेमध्ये उभा राहतो. शब्द बदलला, पण खांबावरून जागा ओळखण्याची रीत तीच राहिली. दुःख एवढेच की तो घरी परततो तेव्हा त्याच्या इमारतीत खणाला नाव नसते.

आणि आता आम्ही मुख्य मुद्द्याशी आलो. आपल्या शहरात आज सगळ्यांत खऱ्या अर्थाने खांबी जागा कोणती? देऊळ नव्हे, वाडाही नव्हे. सोसायटीच्या इमारतीखालचा तो भिंती नसलेला मजला, ज्याला आपण 'स्टिल्ट' किंवा नुसते 'पार्किंग' म्हणतो. मोजून पाहा, सोळापेक्षा जास्तच खांब भरतील. गणपती तिथेच बसतो. हळदीकुंकू तिथे, पावसाळ्यात मुलांचे क्रिकेट तिथे, ज्येष्ठांचा कट्टा तिथे, आणि कोणी गेले तर माणसे येऊन उभी राहतात तीही तिथेच. ही आपली सोळखांबी आहे. आणि तिला आपण नाव दिले ते मोटारीचे.

नावाने काय फरक पडतो, असे विचाराल, तर एका नावावरून देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद गेला होता. नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्था. निकाल 2010 चा, इमारत दहिसरची. प्रश्न असा होता की 1963 च्या महाराष्ट्राच्या सदनिका कायद्यात 'गॅरेज' हा शब्द आहे, त्यात स्टिल्टमधली गाडीची जागा बसते का? बसत असेल तर विकासकाला ती वेगळी विकता येईल. न्यायालयाने म्हटले, बसत नाही. खांबांवर छत आहे, पण बाजूला भिंती नाहीत. ते गॅरेज नव्हे. ती जागा इमारतीच्या सामाईक भागात मोडते, विकासकाला ती स्वतंत्रपणे विकता येणार नाही. आम्हाला हा निकाल वाचताना वाटले की न्यायमूर्तींनी नकळत खणाचीच व्याख्या केली. भिंत आली की जागा एकाची होते, नुसता खांब असेल तोवर ती सगळ्यांची राहते.

पुढे 2016 चा रेरा कायदा आला. त्यात गॅरेज म्हणजे छत आणि तीन बाजूंना भिंती असलेली जागा, असे लिहिले. इथवर ठीक. पण 2017 मध्ये महाराष्ट्राने नियम केले आणि त्यात 'आच्छादित पार्किंग' ही वेगळी वर्गवारी आणली. तिच्यात तळघर, पोडियम आणि स्टिल्ट यांची नावे आली. आता करारनाम्यात सदनिकेच्या जोडीने ती जागाही मांडली जाते. जरा थांबून पाहा, व्याख्येचा आधार कसा सरकला. आधी विचारले जात होते, भिंत आहे का? आता विचारले जाते, वर छत आहे का? छत तर सोळखांबीलाही आहे. वरून पाहिले की आच्छादन दिसते, खालून पाहिले की खण दिसतो. कोणत्या बाजूने पाहायचे हे शब्दाने ठरवले.

दुसरी बाजूही मांडायला हवी. गाड्या आहेत, त्या रस्त्यावर लावल्या तर सगळ्यांचीच अडचण. कोणाची कुठे, हे लिहून ठेवल्याने भांडणे टळतात, हे खरे. शिवाय अभियंते सांगतील की भिंती नसलेला तळमजला भूकंपात दुबळा ठरतो. 2001 च्या भूजच्या भूकंपात अहमदाबादेतल्या अशा कित्येक इमारती कोसळल्या. पुढे 2002 च्या भारतीय मानकाने अशा मजल्याच्या खांबांसाठी अडीचपट ताकदीची अट घातली. म्हणजे मोकळ्या खणाची किंमत खांबाला मोजावी लागते. आम्ही म्हणतो, म्हणूनच तर तो खण मोलाचा. त्यासाठी जाड खांब उभे केले, त्यांचा खर्च वरच्या प्रत्येक घराने वाटून दिला. कार्ल्याच्या दात्यांसारखे. मग मधली जागा सगळ्यांची का नको?

हे आम्ही नुसत्या हळवेपणाने म्हणत नाही. अथेन्सच्या बाजारचौकात एक खांबांचा सोपा होता, चित्रांनी सजवलेला. इसवी सनापूर्वी 300 च्या सुमारास झेनो नावाचा माणूस तिथे शिकवू लागला. ग्रीक भाषेत अशा सोप्याला 'स्टोआ' म्हणतात, म्हणून त्याच्या शिष्यांना 'स्टोइक' म्हणू लागले. मराठीत 'सोपेकरी' म्हणा हवे तर! एक संपूर्ण दर्शन, ज्याचा अभ्यास जगभर आजही होतो, त्याचे नाव एका खांबी जागेवरून पडले. झेनो अथेन्सचा नव्हता, सायप्रसहून आलेला परका होता. प्लेटोची अकादमी होती, एपिक्युरसची स्वतःची बाग होती. झेनोला मिळाला तो कोणाच्याच मालकीचा नसलेला, कोणालाही येऊन उभे राहता येईल असा खण. आपले शहरही बाहेरून आलेल्यांचे आहे. मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून, बिहार-उत्तर प्रदेशातून आलेल्यांचे. त्यांच्याजवळ इथे ओटा नाही, अंगण नाही, पारही नाही. त्यांना बसायला, बोलायला, ओळख करून घ्यायला जागा कोणती?

तेव्हा आमची सूचना साधी आहे. सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत नकाशा मागवा आणि खांबांबरोबर खणही मोजा. किती खण गाड्यांना दिले आणि किती माणसांना राहिले, ते वहीत लिहा. माणसांना एकही राहिला नसेल तर दोन सोडवून घ्या, आणि त्यांना पार्किंग म्हणू नका. खण म्हणा, सोपा म्हणा, सोळखांबी म्हणा. नाव मराठी आहे एवढ्यासाठी नव्हे. त्या नावाने मागितले तर काय मागतो आहोत ते मागणाऱ्याला आणि देणाऱ्याला दोघांनाही कळेल, म्हणून.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर विचारा, वेळ आहे.